पहिल्या पानावरचं वर्णन

पुण्याच्या प्रकाशकांचा फोन आला तेव्हा मालिनीताई भोरच्या घरी पोळ्या लाटत होत्या. त्यांनी मोबाईल ओट्यावरच स्पीकरवर ठेवला.

"मॅडम, कादंबरी रहस्यकथा म्हणून काढू. भोरला एसटीत बसलेला शिक्षक हिर्डोशीला उतरतच नाही, काय झकास कल्पना आहे! पण तो गेला कुठं, हे शेवटी सांगावंच लागेल. नाहीतर वाचक आम्हाला सोडणार नाहीत."

"मग सामाजिक म्हणून काढा." रेशनच्या रांगेत नाव सांगावं, तशा सुरात त्या म्हणाल्या.

"चालेल. पण मग पहिल्या पानावरची उंची, चष्मा, भुवईवरचा व्रण, एवढं बारीक वर्णन गाळून टाकू. कंटाळवाणं होतं हो ते."

"ते तेवढं राहू द्या."

"बरं, निदान हे तरी सांगा, ही कादंबरी तुम्ही लिहिलीत कुठल्या वाचकासाठी?"

मालिनीताईंनी तव्यावरची पोळी उलटली.

"कुठलाही चालेल. फक्त त्यानं ह्यांना कुठंतरी पाहिलेलं हवं."