पायगुण

गिटारवाल्याने तीस वर्षांत अकरा बँड बदलले. तो असेपर्यंत त्या बँडला कुत्रं विचारायचं नाही, आणि त्याने पाठ फिरवली रे फिरवली, की पुढच्याच महिन्यात त्यांचं गाणं जो तो गुणगुणायला लागायचा. त्या अकरा बँडचे टी-शर्ट आता घरात फडकी म्हणून कामाला होते.

"तुमचा पायगुण चांगलाच आहे हो," त्यातल्याच एकाने ओटा पुसत बायको म्हणायची, "फक्त तो बाहेर पडताना दिसतो!"

त्यामुळे बाराव्या बँडचा फोन आला तेव्हा त्याला आकाश ठेंगणं झालं. पोरं विशीतली, पण काय तो आदर! "दादा, तुम्ही आल्याशिवाय आमचं काही खरं नाही." त्याने गिटारला नव्या तारा चढवल्या, केस काळे करून घेतले आणि बायकोला ठणकावलं, "या वेळी मेलो तरी सोडणार नाही!"

सरावाच्या खोलीत पोरांनी टाळ्यांच्या कडकडाटात त्याचं स्वागत केलं. गिटार अजून पेटीतच होती, तेवढ्यात ड्रमवाल्याने पुढे होऊन केकचा खोका उघडला.



केकवर लिहिलं होतं, 'दादा, निरोपाच्या शुभेच्छा!'