खडूचा गोल

“उद्या परीक्षा आणि तू मोजे वाळत घालतेयस?” बडबडीने कपाळाला हात लावला.

“ओले आहेत,” घुमी म्हणाली.

जादूच्या त्या निवासी शाळेत दोघींना याच नावांनी ओळखत. घुमी दिवसाकाठी चार वाक्यं बोलली तरी पुष्कळ. उरलेली सगळी बडबडी बोलायची. पहिल्या वर्षी घुमी घरच्या आठवणीने जिन्याखाली बसून रडायची. मग बडबडी तिच्या खोलीत आली आणि रडायला सवडच राहिली नाही. तेव्हापासून दोघींचं सगळं एकत्र. खोलीत खाटही एकच. दुसरी मागवा म्हणून बडबडीने वॉर्डनचं डोकं खाल्लं, पण “बघू, बघू” म्हणता म्हणता पाचवं वर्ष उजाडलं. सुट्टीत ती घुमीच्याच घरी जाई. “ही कुठून पैदा केलीस गं?” असं म्हणत घुमीची आई दोघींना एकाच दमात रागवायची. बडबडीला त्या घरी फार बरं वाटे.

पाचव्या वर्षाची परीक्षा ऐकायला सोपी होती. प्रत्येकीने आपल्या जादूने काहीतरी घडवायचं. छत्री, किटली, सुचेल ते. त्याने सांगितलेलं काम तर करायचंच, पण एक तरी काम बाईंसमोर न सांगता, आपल्या मनाने करायचं. आधी पढवून ठेवलेलं कळलं तर थेट नापास. जे पास होई त्यावर मोठ्या बाई खडूने गोल काढत. नापास झालेली मुलगी त्याच दुपारी ट्रंक घेऊन घरी जाई, ती कायमची.

“निदान एखादा चमचा तरी कर गं,” बडबडी काकुळतीला आली.

“माझं झालंय.”

“कुठाय? दाखव.”

“उद्या.”

“थापा मारू नकोस. मी सदानकदा तुझ्याजवळ असते. मला दिसलं नसतं?”

घुमी हसली आणि तिने उरलेला मोजा पिळला.

बडबडीला मात्र चैन पडेना. स्वतःच्या परीक्षेचा विचारही तिच्या डोक्यात नव्हता. अभ्यासाचं तिला तसंही वावडंच होतं, आणि वर्गात बाई तिला कधी काही विचारत नसत. “हिने तोंड उघडलं की तास संपला,” असं त्या म्हणत. तिचा सगळा जीव घुमीत अडकलेला. ही गेली तर आपलं कसं होणार?

सकाळी हॉल गच्च भरला. पहिल्या मुलीने छत्रीला “उघड” म्हटलं, छत्री उघडली. मग ती आपणहून तरंगत खिडकीशी बसलेल्या बाईंसमोर गेली, कारण त्यांच्या डोळ्यांवर ऊन येत होतं. टाळ्या पडल्या. छत्रीच्या दांड्यावर खडूचा गोल उमटला. दुसरीची खुर्ची मात्र चाल म्हटलं की चालली, थांब म्हटलं की थांबली. तेवढंच. मोठ्या बाईंनी बराच वेळ वाट पाहिली. शेवटी ती मुलगी डोळे पुसत ट्रंक भरायला गेली.

मग घुमीचं नाव पुकारलं. बडबडीही उठली. घुमी तिच्याशिवाय कुठे जातच नसे.

“तयार आहेस?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“हो बाई.” घुमीने खिशातला रुमाल काढून बडबडीला दिला. “हा जरा धर. आणि आता काही झालं तरी गप्प बस.”

बडबडीने रुमाल धरला आणि ओठ घट्ट मिटले. घुमीचे दोन्ही हात रिकामे होते. ती नुसती उभी राहिली. बाईही हातात खडू घेऊन उभ्या. मघाशी खुर्चीच्या वेळी पाहिली होती तशीच वाट त्या पाहू लागल्या, आणि बडबडीला राहवेना.

“बाई, हिला नापास करू नका!” ती ओरडली. “हिने काही केलं नसेल तर दोष माझा आहे. मीच हिला सारखी बोलण्यात गुंतवते. ही खूप हुशार आहे हो, नुसतं सांगता येत नाही तिला. घरी पाठवायचं तर मला पाठवा!” बोलता बोलता तिला रडू फुटलं. हातातल्या रुमालानेच तिने नाक पुसलं.

मोठ्या बाई घुमीकडे वळल्या. “हे असं बोलायला तू सांगितलं होतंस?”

“नाही बाई,” घुमी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती हसत होती. “मी तर गप्प बसायला सांगितलं होतं. तुमच्यासमोरच.”

बाईंनी मान डोलावली. त्या पुढे आल्या, बडबडीचा हात त्यांनी हातात घेतला आणि तिच्या मनगटावर खडूने एक गोल काढला.