दुपारी बंद पडणारं मशीन

पुन्हा बंद! पुड्या भरणारं मशीन दोन आचके देऊन जे थांबलं ते थांबलंच. मेंटेनन्सच्या बाईंनी हातातला पाना टेबलावर आपटला.

बाईंनी करायचं काय बाकी ठेवलं होतं? मोटारीच्या आणि सेन्सरच्या तारा वेगळ्या नळ्यांतून नेल्या. तारांवर जाळीचं कवच चढवलं. फिल्टर बसवला, अर्थिंग नव्याने करून घेतलं. तरी कुठून तरी विजेची खरखर वजनकाट्यात शिरायचीच, आकडे नाचायचे आणि मशीन हात वर करायचं. तेही फक्त दुपारी! सकाळी मेलं कसं शहाण्यासारखं चालायचं. बाईंच्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

त्यात साहेबांनी सकाळीच सुनावलं होतं, "संध्याकाळपर्यंत दोष सापडला नाही, तर उद्यापासून बाहेरची माणसं येतील. तुम्ही घरी बसा."

मशीन सुरू करून बाई पॅनेलच्या मागे उभ्या राहिल्या. आज डोळ्यांत तेल घालून बघायचंच. थोड्या वेळाने पॅकिंगवाली मावशी आली. तिने इकडेतिकडे पाहिलं, जेवायला गेलेल्या सुपरवायझरचा वॉकीटॉकी तार काट्यात शिरते तिथे टेकवला आणि बटण दाबलं. मशीन थांबलं.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मावशी! माझ्या नोकरीवर उठलात की काय?"

मावशी दचकली, पण वॉकीटॉकी लपवला नाही. "तुमच्यावर कशाला उठू, बाई? सुपरवायझर इथे ह्या वॉकीटॉकीवर बोलले की मशीन थांबतं, ते आमच्या ध्यानात आलं. बसायला स्टूल मागितलं, तर साहेब म्हणाले, कामावर बसायला येता का? मग काय करायचं? त्या पोरीचे पाय तरी बघा."

पुड्या वाहणाऱ्या पट्ट्याजवळ आठवा महिना लागलेली एक पोर उलट्या क्रेटवर टेकली होती. पाय टम्म सुजलेले, चपलेचे पट्टे रुतलेले. बाईंचा राग काही गेला नाही, पण आता तो मावशीवर राहिला नाही.

बाई तरातरा साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. "दोष सापडला, साहेब. कंट्रोल कार्ड तापतं. दुपारी दर तासाला मशीन दहा मिनिटं बंद ठेवायला हवं, नाहीतर कार्ड जळेल."

साहेब खुर्चीतून अर्धे उठले.

"मग ठेवा की बंद! बिचाऱ्या मशीनला सलग राबवताय, तुम्हाला काही माणुसकी आहे की नाही?"