यीस्टची बाटली

लेकाने स्वतःच्या बायकोला कधी ‘जेवलीस का’ विचारलं नाही, पण माशांच्या टाकीतल्या रोपांचे लाड भारी. काचेच्या बाटलीत साखर, यीस्ट, कोमट पाणी घालून तो त्यातून निघणारा वायू नळीने टाकीत सोडायचा. रोपं तरारतात म्हणे! काल घाईला येऊन त्यानेच यीस्ट दुप्पट ओतलं. आईने पाहिलं होतं. आज जास्तीच्या वायूने गुदमरून मासे उलटे तरंगले. “तूच मारलेस, भवाने!” म्हणत त्याने बायकोचं डोकं टाकीत कोंबलं. “बघ, जीव कसा गुदमरतो!” सुनेचे हात काचेवर आपटू लागले. आईने नळी उपटून बाटली त्याच्या मनगटावर हाणली. हाड मोडलं. सून धापा टाकत कोसळली. “आई, मी तुझा मुलगा ना?” तो कळवळला. “म्हणूनच बाटलीवर भागवलं,” सुनेची पाठ चोळत आई म्हणाली. “परका असतास तर टाकी डोक्यात घातली असती. ती टाकी अजून शाबूत आहे.”