चूक आली तर

मोबाइल नाचवत सर खोलीत शिरले. "रिपोर्ट नॉर्मल! आठवडाभर उगाच छातीला हात लावून बसलो होतो."

सगळ्या टीमने टाळ्या वाजवल्या. सरांना त्यांच्या पाठीमागे सगळे 'चिंता नको' म्हणत, कारण कुठलीही अडचण घेऊन जा, उत्तर ठरलेलं. फक्त कोपऱ्यातली प्रोग्रामर जागची हलली नाही. तिच्या आईचा रिपोर्टही सरांच्याच लॅबमधून, याच टीमने लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधून नॉर्मल आला होता. कागदावर नॉर्मल असतानाच आई गेली.

आज सकाळी त्या सॉफ्टवेअरमध्ये तिला ती ओळ सापडली. ते लिहिलेली प्रोग्रामिंगची भाषा मोठी खट. तपासणीच्या यंत्राकडून आकडा आला तर काय करायचं, एवढं सांगून भागत नाही. आकड्याऐवजी चूक आली तर काय, हेही लिहिल्याशिवाय ती प्रोग्राम पुढे सरकू देत नाही. भाषेची ही कटकट मिटवायला सरांनी तिथे एकच शब्द लिहून ठेवला होता. 'नॉर्मल'.

ती ओळ तिने लगेच बदलली. यापुढे यंत्र अडलं, तर रिपोर्टवर 'तपासणी झाली नाही' असं येणार होतं. पण सरांचा रिपोर्ट कालचा होता.

गप्प बसावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. आईने भोगलं ते यालाही भोगू दे. पण मग सरांचं हे हसू जसंच्या तसं घरी गेलं असतं, आणि ते तिला बघवेना.

"सर, जरा इकडे येता?"

सर वाकले. जुनी ओळ वाचली. परत वाचली.

"अगं, तेव्हा काम संपवायची घाई होती..." मग त्यांनी हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. "माझा यातला कुठला? खरा, की हा?"

"दोन्ही सारखेच दिसतात, सर. तुम्हीच तसं लिहिलंय."

"शोधून काढता येईल ना?"

"कशावरून शोधू? चूक आल्याची नोंद तुम्ही कुठेच ठेवलेली नाही. आईचं मी सकाळपासून शोधतेय."

सर खुर्ची ओढून बसले. हात आपसूक छातीवर गेला.

तिने आपली पाण्याची बाटली त्यांच्यापुढे सरकवली.

"चिंता नको, सर."