शुद्धीतला माणूस

भाऊसोनं माइक हातात घेतला, तेव्हा इमाम पुढच्या सतरंजीवरच बसला होता. "सभेला ये, मी सांभाळून घेतो," असं भाऊसोनंच सकाळी सांगितलं होतं. आता भाऊसो सांभाळतो म्हणाला म्हणजे सांभाळणार. लहानपणापासून एका ताटात जेवलेली माणसं ही.

ग्रामसभेपुढं विषय एकच होता. गावातल्या केरबाला जीपनं उडवून महिना झाला होता, आणि दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला गावानं काय शिक्षा करायची ते ठरवायचं होतं. एरवी ग्रामसभेला कोरम भरत नाही. आज चावडीपुढं बसायला जागा नव्हती, आणि निम्म्याच्या वर बायका होत्या.

"पिऊन गाडी चालवली, तर त्याला यात्रेत मान न्हाई," भाऊसो म्हणाला. "गावातला कुणी त्याला जामीन ऱ्हानार न्हाई."

टाळ्या पडल्या. मागनं एक म्हातारी बोलली, "आन् न पिता माणूस मारला, त्याला वं?"

सगळ्यांच्या माना इमामकडं वळल्या.

जीप भाऊसोची होती, पण पोलिसांत लिहिलं होतं की चालवत इमाम होता. ठाण्यात त्याला यंत्रात फुंकायला लावलं, तर काहीच निघालं नाही. निघणार कसं? इमामनं जन्मात थेंब घेतलेला नाही. म्हणून तर मंडळींना धाब्यावर बसायचं झालं की परत आणायला इमामला बरोबर न्यायचं, ही गावातली रीतच पडली होती. त्यामुळं त्या रात्रीही चाकावर इमामच असणार, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

फक्त त्या रात्री पोरीला, अर्फाला, ताप होता आणि इमाम घरीच होता. भाऊसो दारात आला, तेव्हा त्याला धड उभंही राहता येत नव्हतं. "गड्या, एकाला निस्तं खरचटलंय. तू पीत न्हाईस, तुज्यावर काय येत न्हाई. मी गेलो तर संपलोच बघ." इमाम ठाण्यात गेला आणि चाकावर मीच होतो म्हणाला. नुसता खरचटलेला तो माणूस मेलाय आणि तो आपला केरबा आहे, हे त्याला ठाण्यात सही करून झाल्यावर कळलं. तरी गप्प बसला. येडा, दुसरं काय म्हणायचं.

"प्यालेला असता तर येक येळ समजलं असतं," कुणीतरी म्हणालं. "ह्यो तर चांगला शुद्धीत हुता."

"व्हय की." आणखी चारजण बोलले.

भाऊसोनं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. इमामनं मान वर केली. आता तो बोलणार.

"इमाम मला भावासारखा हाय. पर भाव झाला म्हणून केरबाचं रगात इसरू का मी? त्याला जामीन मी ऱ्हायलो, ही माजी चूक झाली. उद्याच कोर्टात जाऊन जामीन काढून घेतो."

या वेळी बायकांनीही टाळ्या वाजवल्या. भाऊसो यंदा सरपंचकीला उभा राहणार होता.

इमामला आधी कळलंच नाही. भाऊसो पुढं अजून काहीतरी म्हणेल असं वाटून तो ऐकत राहिला. भाऊसो पाणी प्यायला आणि खाली बसला. तेव्हा कळलं. जामीन गेला की आपण आत. बायकोनं, जीनतनं, आणि पोरीनं कुणाच्या तोंडाकडं बघायचं? आणि आत घालणारा कोण, तर ज्याच्यासाठी हे केलं तोच. त्याला रडूही येईना, इतकं वाईट वाटलं.

बायकांतनं अंजना उठली. केरबाची बायको.

"मला येकच इचारायचं हाय, भावजी. डाक्टर म्हनलं, मालक तासभर जित्तं हुतं. तुमी शुद्धीत हुता, तर त्यास्नी गाडीत का घातलं न्हाई?"

इमामनं भाऊसोकडं पाहिलं. भाऊसो मोबाइल बघत होता.

"वयनी," इमाम म्हणाला, "मी गाडीत न्हवतो. भाऊसो हुता. येकटाच हुता."

मग भाऊसो हसला आणि त्यानं पुन्हा माइक उचलला. "इमाम, आज घिऊन आलायस काय रं?"

सभा खो खो हसली. ज्यांना ज्यांना इमामनं धाब्यावरनं बखोट धरून घरी पोचवलं होतं, ते सगळ्यात जास्त हसले.

अंजना हसली नाही. वाट काढत ती इमामपुढं येऊन उभी राहिली.

"हा करा," ती म्हणाली.

हे बाईला कुणी शिकवावं लागत नाही. दारात आलेल्या नवऱ्याला ती हेच म्हणते. इमामनं सगळ्या गावादेखत तोंड उघडलं. अंजनानं वाकून वास घेतला. परत एकदा घेतला.

"ह्यांनी घेतल्याली न्हाई," ती सभेला म्हणाली.

मग भाऊसोकडं पाठ करून ती इमामसमोर सतरंजीवर बसली.

"आता पयल्यापास्नं सांगा, भावजी. मी ऐकतीय."