नऊ वर्षं अनवाणी

"इंदुताई, तुम्हीपण डॉक्टरीणबाईंचं बघूनच अनवाणी फिरायला लागलात का हो?" पुस्तक बदलायला आलेल्या, लेल्यांच्या घरी नुकत्याच लग्न होऊन आलेल्या सुनेनं कौतुकानं विचारलं.

वाचनालयात काम करणारी इंदुमती गेली नऊ वर्षं अनवाणी फिरत होती. लोक हसायचे, तेव्हा ती म्हणायची, "बघाल, एक दिवस सगळं गाव असंच चालेल." आणि आता नव्या डॉक्टरीणबाई महिनाभर अनवाणी बाजारात काय गेल्या, अर्धी आळी चपला टाकून त्यांच्यामागे निघाली.

"हो ना," म्हणताना इंदुमतीचा नुसता जळफळाट झाला.

संध्याकाळी ती चपलांच्या दुकानात शिरली. दुकानदारानं नंबर विचारला, तो तिला आठवेना. तिनं उंच टाचांच्या, वाजणाऱ्या चपला घेतल्या. घरी पोचेपर्यंत दोन्ही पाय सोलून निघाले, तरी डॉक्टरीणबाईंच्या दारावरून ती मुद्दाम दोनदा गेली.